संसाराची यादी



आपल्याकडे लग्न ठरले की बैठक बसते. मध्ये पानसुपारीचे तबक असते आणि चांगल्या अक्षराचे कोणी काका यादी लिहायला घेतात. कार्यालयाचा खर्च कुणाचा, जेवणाचा कुणाचा, मानाच्या साड्या किती, सारे कलमवार लिहून होते आणि खाली वडीलधाऱ्यांच्या सह्या पडतात. एवढी तयारी कशाची, तर एका दिवसाच्या समारंभाची! पुढची तीस-चाळीस वर्षे ज्या दोघांना एका घरात काढायची, त्यांच्या संसाराची यादी मात्र कोणी करीत नाही. मुलाचा पगार विचारला की चौकशी संपली.

माझ्या माहितीतले एक जोडपे आहे. दोघेही नोकरी करणारी, समंजस. लग्नानंतर वर्षभराने घरासाठी कर्ज काढायला गेली, तर बँकेने अर्ज परत केला. त्याने बहिणीच्या लग्नासाठी पूर्वीच कर्ज काढले होते, हप्ते थकले होते, आणि बायकोला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती मला म्हणाली, "काका, बहिणीसाठी पैसे काढले याचा राग नाही हो. मला विचारले असते तर मीही हातभार लावला असता. पण मला परक्यासारखे ठेवले, ते लागले." कर्ज पुढे दोन वर्षांत फिटले. मनातली अढी अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की साखरपुड्याआधी दोघांनी एकदा निवांत बसावे आणि ही दुसरी यादी करावी. वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावे, हे उत्तम! चार कलमे पुरेत.

पहिले कलम आवक. बैठकीत सांगितलेला पगार नव्हे, कापून-कुपून हातात पडतो तो.

दुसरे देणे. शिक्षणाचे कर्ज, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी. आणि मित्रासाठी जामीन राहिला असाल तर तेही. 'नुसती सही तर केली' असे आपण म्हणतो; पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

तिसरे माणसे. आईवडिलांना दरमहा किती द्यायचे, धाकट्या भावंडाचे शिक्षण कोणी करायचे? हा प्रश्न मुलीचाही आहे बरे का! निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांची जबाबदारी ऐपत असलेल्या विवाहित मुलीवरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले आहे.

चौथे नाव. खाते कुणाच्या नावे, घर कुणाच्या, विमा कुणासाठी? पुष्कळांना ठाऊक नसते, की नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायको-मुलांसाठी स्वतःचा विमा उतरवला, तर ती रक्कम त्यांचीच राहते. घेणेकऱ्यांना बुडवण्याचा हेतू नसेल, तर त्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे विचारायचे कसे? विचारू नका, आधी आपले सांगा. "माझ्यावर अमुक इतके कर्ज आहे," असे एकाने म्हटले, की दुसऱ्याची जीभ आपोआप सुटते. सांगणाऱ्याने लाजू नये, ऐकणाऱ्याने वकिलासारखी उलटतपासणी करू नये.

आणि ऐकून एखाद्याने माघार घेतली तर? वाईट वाटेल खरे. पण सुपारी फुटण्याआधी मोडलेली सोयरीक चार दिवसांत विसरली जाते. लग्नानंतर कळलेली लपवाछपवी विसरायला फार दिवस लागतात. तेव्हा पत्रिका जरूर पाहा, पण पत्रिकेच्या शेजारी हाही कागद ठेवा.