घडीच्या पंखांचं विमान

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, बँकेतलं सांगू नका, पोरं झोपतील. लढाईतलं काहीतरी सांगा." म्हणून आज एका विमानाबद्दल बोलतो. शेवटी बँक येईलच, सवय जात नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी कॉलेजात होतो. केळव्यात ब्लॅकआउट असायचा. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र, त्यामुळे धाकधूक जास्त. खिडक्यांना काळे कागद, कंदिलाची वात बारीक आणि सगळी आळी एका रेडिओभोवती. तेव्हा बातमी आली की, ४ डिसेंबरला 'विक्रांत'वरच्या विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगाववर हल्ला केला. ती विमानं म्हणजे सी हॉक.

ब्रिटनच्या हॉकर कंपनीचं हे विमान. त्याचा पहिला नमुना १९४७ च्या सप्टेंबरात उडाला. जेट इंजिन एकच. त्याचा झोत सरळ शेपटीकडून न सोडता नळी दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला होता. त्यामुळे मागचं धड मोकळं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसली. समुद्रात पेट्रोल पंप नसतो ना! पंखांचा पसारा ३९ फूट. पण पंख घडी होऊन वर उभे राहायचे, म्हणजे जहाजाच्या पोटात जास्त विमानं मावत. आपल्या पार्किंगलाही अशी सोय हवी होती.

डेकवरून उडताना वाफेच्या जोरावर विमान गलोलीतल्या खड्यासारखं फेकलं जाई. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवायचा. विक्रांतवर पहिलं जेट १८ मे १९६१ रोजी उतरवलं लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. तेच पुढे नौदलप्रमुख झाले.

१९७१ मध्ये या विमानाचा आराखडा २४ वर्षांचा जुना होता. त्यात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला. जहाज वाऱ्याला सामोरं जोरात धावलं, की विमानाला आयता वारा मिळतो आणि उड्डाण सोपं होतं. बॉयलर कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे वारा कमी. शिवाय १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती, ती बोच मनात होतीच. नौदलाने तीन बॉयलरवर तिला बंगालच्या उपसागरात नेलं. सी हॉक तिथूनच उडाली.

आता बँक. आम्ही वस्तूवर दरवर्षी घसारा लावतो. शेवटी वहीत तिची किंमत उरते १ रुपया. पण वस्तू चालते ती वहीतल्या किमतीवर नाही, कोणी तरी रोज केलेल्या निगेवर. हे मला कळायला उशीर झाला.

आठ वर्षांपूर्वी गच्ची आणि कॉलमच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायचा ठराव आला, तेव्हा मी खजिनदार होतो. "इमारत अजून नवी आहे, पैसे एफडीत राहू द्या," असं म्हणून मीच तो हाणून पाडला. केळव्याचा खारा वारा सळ्या खातो, हे इथेच वाढलेल्या मला ठाऊक नव्हतं का? गेल्या पावसाळ्यात सी विंगच्या बाल्कनीचं प्लास्टर कोसळलं. खेळणारं पोर नुकतंच आत गेलं होतं म्हणून वाचलं. एफडी शाबूत आहे, प्लास्टर नाही. त्या आईवडिलांची मी आज सर्वांदेखत माफी मागतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत तो ठराव पुन्हा येतोय. माझा हात पहिला वर असेल. तुमचाही असू द्या.

आणि मुलांनो, गोव्याला गेलात तर बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक उभं आहे. पंखांच्या मुळाशी ती दोन भोकं शोधा आणि मला येऊन सांगा.

जय हिंद.