होडीनेच जावे अशी दोन बेटे



अंदमानास जाणारा मराठी प्रवासी बहुधा एकाच ओढीने जातो. ज्या कारागृहात १९११ पासून दहा वर्षे सावरकरांनी काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, तेथे नतमस्तक व्हावे आणि माघारी फिरावे, हा त्याचा परिपाठ. त्याने आणखी उत्तरेकडे जावे, असे मला आज सुचवावयाचे आहे. मात्र काही अटींवर.

पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमपासून, सडकेने सुमारे ३०० किलोमीटरवर दिगलीपूर लागते. त्याजवळच्या एरियल बे धक्क्यावर वनविभागाची परवानगी घ्यावयाची आणि होडीत बसावयाचे. अर्ध्या तासात स्मिथ व रॉस ही जोडबेटे येतात. (पोर्ट ब्लेअरसमोरचे रॉस बेट वेगळे, त्याचे नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. नामसाम्यामुळे अनेकांची गल्लत होते.) स्मिथवर थोडी वस्ती आहे, रॉसवर नाही. दोहोंमध्ये पांढऱ्या वाळूचा एक चिंचोळा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि माणूस एका बेटावरून दुसऱ्यावर कोरड्या पायांनी जातो. भरतीला दांडा पाण्याखाली जातो आणि बेटे पुन्हा दोन होतात. आपल्या कोकणातील कोळी बांधवाला हे समजावून सांगावे लागणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोल जाते, अष्टमीच्या भांगात पाणी फारसे हटत नाही. तेव्हा तिथी पाहून निघावे, हे उत्तम.

येथे हॉटेल नाही, बाजार नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. तेव्हा हा किनारा 'अविकसित' म्हणावयाचा काय? विकासाची वार्ता सांगणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यापुढे हा प्रश्न उभा राहतोच. शिवाय तो केवळ तात्त्विक नाही. २०१७ साली केंद्र शासनाने समग्र विकासासाठी जी पहिली दहा बेटे निवडली, त्यांत स्मिथ व रॉस यांची नावे होती.

उत्तर शोधताना पायाखालच्या वाळूकडे पाहावे. प्रवाळांनी वेढलेल्या अशा बेटांवरील वाळू मोठ्या अंशी जिवंत समुद्राची निर्मिती असते. प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे चूर्ण लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात. पोपटमासा तर प्रवाळ कुरतडून त्याची वाळूच करून सोडतो. प्रवाळ मेले की हा पुरवठा आटतो. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यात होड्यांचे नांगर, सांडपाणी आणि हौशी पर्यटकांची पावले यांची भर पडली, तर किनारा सजविण्याच्या नादात किनाराच झिजेल.

दुसरी गोष्ट अंधाराची. दिगलीपूरजवळच्याच कालीपूर किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या ग्रामस्थांना ठाऊक आहे की, पिले वाळूतून वर आली म्हणजे उजेडाच्या दिशेने धावतात. रात्री समुद्राचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे विजेचे दिवे लागले की त्यांची वाट चुकते.

म्हणून माझ्या मते होडी ही या बेटांची अडचण नव्हे. ती त्यांची वेस आहे. होडीत मावतील तेवढीच माणसे जातात, भाड्याचा पैसा स्थानिक नावाड्याच्या घरी जातो आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्वांना परतावे लागते. आरोग्यसेवा, शाळा, धक्क्याची डागडुजी, नावाड्यांसाठी जीवरक्षक जाकिटे यांवर अवश्य खर्च व्हावा. तो विकासच आहे. दांड्यालगत पक्की इमारत मात्र नको.

जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी व शिदोरी बरोबर न्यावी, कचरा परत आणावा, प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलू नये. आणखी एक. घड्याळ आपलेच असले तरी तेथील सूर्य आपला नव्हे. डिसेंबरात मुंबईला सहा वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो, तेथे पाचच्या सुमारास. नावाडी लवकर हाक देऊ लागला, तर त्याच्याशी वाद घालू नये.