चपला काढा, मंडळी



हृदयातलं ब्लॉकेज तुम्हाला समजावून सांगायला नको. तेच पायाच्या रक्तवाहिनीत झालं, की चालताना पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, चालायला लागलं की पुन्हा भरते. परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढताना असं झालं तर आपण म्हणतो, वात आहे. दर वेळी तो वात नसतो. पायाला रक्त कमी पडत असतं.

जगभरात 2010 साली असे 20 कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज 2013 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पण मुलखागणिक रोगाचं रूप बदलतं. युरोप-अमेरिकेत तो बहुतेक उतारवयाचा. आपल्याकडे त्याच्या जोडीला चाळिशीच्या आतला, विडी ओढणारा गडी काळं पडलेलं बोट घेऊन येतो. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये न्यूयॉर्कला वर्णन केलेला हा आजार तिकडे आता विरळा आहे. यात चरबी साचत नाही. तंबाखूपायी रक्तवाहिनी सुजते, आत गुठळी होते आणि वाट बंद.

(सभागृहातून : "आमचा आजा नव्वदीपर्यंत विडी ओढायचा!" हशा.)

ओढत असतील. पण विडीनं ज्यांचे पाय गेले, ते आज हा जिना चढून इथं आलेले नाहीत.

एक लहानशी हकिकत सांगतो. ऊसतोडीला जाणारा केजकडचा एक कोयता, म्हणजे नवराबायको. फडावर माणसं नाही, कोयते मोजतात, हे तुम्ही जाणताच. दिवाळीच्या सुमाराला गाडी सुटली, तेव्हाच नवऱ्याच्या पायाचं बोट गार लागत होतं. फडात पाचटानं कापलं. बायकोनं हळद भरली. रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून तो गाडीवर पाय खाली सोडून बसून राहायचा. हे लक्षण ध्यानात ठेवा. पाय लोंबता सोडला की थोडं रक्त उतरतं, तेवढंच बरं वाटतं. पण आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती. संक्रांतीपर्यंत बोट काळं पडलं. तो कोपीत बसला, बायको एकटी तोडत राहिली, मोळ्या बांधून वाहत राहिली. शेवटी तिकडेच, कोल्हापूर भागात, पाय गुडघ्याखाली काढला. माझ्याकडे उन्हाळ्यात आला तो अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. मी दुसऱ्या पायाची नाडी पाहिली. लागली नाही. वरच्या खिशात विडीचं बंडल होतं.

हा पाय कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर मांडायचा? माणूस बीडचा, पाय कोल्हापूरला गेला. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणारे तक्ते मी बघतो तेव्हा मला तो पाय आठवतो.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीच्या वेळी आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढल्याचं पुढं आलं. घरोघर जाऊन विचारलं, म्हणून कळलं. ती मोजणी गर्भाशयाची होती. पायांचीही तशीच व्हायला हवी, आणि गाड्या सुटायच्या आधी, गावातच व्हायला हवी.

माझे काही सहकारी म्हणतात, बोटानं पायाची नाडी बघणं जुनं झालं, आता रक्तप्रवाह तपासणारं डॉपलर यंत्र आहे. डॉपलर हवंच. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या 0.9 पटीपेक्षा कमी भरला की निदानाला बळ येतं. पण टायरगाडी सुटते त्या पहाटे गावात डॉपलर नसतं, बोटं असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मधुमेहावर बोलायचं राहिलं. मधुमेहात पायाची जखम पुष्कळदा दुखतही नाही, एवढं लक्षात घ्या. आता सगळ्यांनी उजव्या पायातली चप्पल काढा. (हशा.) काढा, काढा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेलगत दोन बोटं टेकवा. दाबू नका. काही धडधाकट माणसांतही तिथली नाडी लागत नाही. मग आतल्या घोट्याच्या मागं बघा. लागली? ताई, तुमची? मागच्या रांगेतले मामा अजून शोधताहेत. मामा, उठू नका, तिथंच बसा. मी खाली येतो.