तुरुंगांतील माता आणि तिचें तान्हें

श्रीकृष्णाचा जन्म बंदिशाळेंत झाला, ही कथा गोकुळाष्टमीला घरोघर सांगतात. परंतु तींतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. बालकाला जन्म दिला देवकीनें, आणि दूध पाजलें यशोदेनें. देवकीच्या उरीं दाटलेल्या पान्ह्याचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. आजच्या तुरुंगांतील मातांविषयीं तोच प्रश्न विचारावयास हवा.

पहिले सहा महिने बालकास केवळ आईचें दूध द्यावें, आणि पुढें इतर अन्नाबरोबर तें दोन वर्षें किंवा अधिक काळ चालूं ठेवावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हें दूध कणगींत सांठविलेल्या धान्यासारखें नसतें. बाळ जसजसें पितें, तसतसें तें तयार होतें; पाजणें थांबलें कीं आटूं लागतें. म्हणून मायलेकरांची थोड्या दिवसांची ताटातूटही पुढें सहज भरून निघत नाहीं.

या बाबतींत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १३ एप्रिल २००६ रोजीं, उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यांत, महत्त्वाचा निकाल दिला. सहा वर्षांपर्यंतचें मूल बंदिवान आईजवळ राहूं शकतें; मात्र तें कैदी नव्हे. अन्न, वस्त्र, औषधपाणी, शिक्षण आणि खेळ हे त्याचे हक्क आहेत. प्रसूति शक्यतों बाहेरील रुग्णालयांत व्हावी. आंत झालीच, तर जन्मनोंदींत तुरुंगाचा उल्लेख नसावा, आणि बारशाचीही सोय व्हावी, असें त्यांत सांगितलें आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०१० सालीं स्वीकारलेल्या बँकॉक नियमांप्रमाणें, प्रकृतीचें विशिष्ट कारण असल्याखेरीज कोणत्याही बंदिवान मातेस स्तनपानापासून परावृत्त करतां येत नाहीं.

“गुन्हेगार स्त्रीला इतकी सवलत कशाला?” असें कोणी विचारील. परंतु ही सवलत तिची नसून तिच्या लेकराची आहे, आणि त्यानें कोणताच गुन्हा केलेला नाहीं. शिवाय, खटल्याचा निकाल लागावयाचा असतां जी आंत आहे, ती गुन्हेगार ठरलेलीही नसते. स्त्रीला गंभीर आरोपांतही जामीन देण्याची मुभा कायद्यानें न्यायालयास दिली आहे. अंगावर पिणारें मूल असतां तिचा विचार आधीं व्हावा, हें उचित.

कारण उंच भिंतींआड आईचें दूध मिळालें, तरी अंगण मिळत नाहीं. आणि सहा वर्षें पूर्ण होतांच त्या मुलास आईचा हात सोडावा लागतो. पुढें बालगृहांत ठेवल्यास आठवड्यांतून निदान एकदां तरी भेट घडावी, असें तो निकाल म्हणतो. ती भेट चुकूं न देणें, हें शासनाचें कर्तव्य आहे. आणि तें मूल आपल्या मुलांच्या शाळेंत आलें, तर त्याच्या आईची चौकशी न करतां त्याला शेजारीं बसवून घेणें, हें सुशिक्षित घरांचें.