नव्या फोनचीं दोन दुखणीं



आमच्या घरीं कोणतीहि नवी वस्तु आली कीं तिला कुंकवाचें बोट लावून मगच ती वापरण्याचा रिवाज आहे. शिवणयंत्रापासून मिक्सरपर्यंत सर्वांनीं हा मान घेतलेला आहे. गेल्या उन्हाळ्यांत मीं नवा फोन विकत आणला, तेव्हां त्याच्या काचेला कुंकूं लावावें कीं लावूं नये यावर थोडा वाद झाला. अखेर पेटीच्या झाकणावर बोट टेकवून दोन्ही पक्षांचें समाधान करण्यांत आलें. ज्यांना 'भ्रमणध्वनि' या शब्दावांचून चैन पडत नाहीं त्यांची क्षमा मागून मी त्याला फोनच म्हणणार आहें. दुकानांत मीं तोच शब्द उच्चारला होता, आणि वस्तुहि तीच मिळाली.

तिसऱ्या रात्रीं दिवा मालवून मी अंथरुणावर वाचीत पडलों होतों. एकाएकीं पडदा फडफडला. क्षणभर उजळला, मग मंद झाला, पुन्हां उजळला. जुन्या ट्यूबचा स्टार्टर बिघडला म्हणजे ती जशी उघडझाप करते तसाच हा प्रकार. चौथ्या दिवशीं सकाळीं बॅटरीचा आकडा शंभर होता. दुपारीं तीन वाजतां तो पंधरावर आला. पावतीच्या पाठीमागें बारीक अक्षरांत छापलेलें होतें कीं, सदोष वस्तु सात दिवसांच्या आंत बदलून मिळेल. चार दिवस सरले होते.

आजाऱ्याभोंवतीं जसे वैद्य जमतात तसे आमच्याकडे सल्लागार जमले. शेजारचे आप्पासाहेब म्हणाले, "पहिल्या दिवशीं आठ तास चार्ज केला नाहींत, त्याचें हें फळ." सौभाग्यवतींच्या मतें दोष चार्जरचा होता. पुतण्या मात्र एका वाक्यांत मोकळा झाला: "काका, रीसेट मारा. सगळं साफ करून पहिल्यापासून सुरू करा." दुकानाच्या मदतकेंद्रावर फोन केला, तेव्हां तिकडूनहि हेंच उत्तर आलें.

मी रीसेट करण्यास बसलोंहि होतों. 'सर्व माहिती पुसली जाईल' अशी सूचना पडद्यावर आली, आणि बोट टेकवावयाचें तेवढें उरलें असतां मला ताईची आठवण झाली. माझी थोरली बहीण मागील वर्षीं वारली. शेवटच्या दोन वर्षांत तिला टंकलेखन जमेनासें झालें होतें, म्हणून ती व्हॉट्सॲपवर बोलूनच निरोप पाठवी. त्यांत विशेष कांहीं नसे. गुडघा दुखतो, भाचीचें पत्र आलें, अमक्याच्या मुंजीला काय द्यायचें. हे सर्व निरोप जुन्या फोनमधून नव्यांत उतरवून घेतले होते, आणि जुना फोन त्याच दिवशीं दुकानदाराला बदल्यांत देऊन टाकला होता. म्हणजे ताईचा आवाज जगांत आतां त्या एकाच फडफडणाऱ्या यंत्रांत उरला होता. मीं बोट मागें घेतलें. त्या रात्रीं दुसरें कांहींच केलें नाहीं; प्रथम सर्व संभाषणांची नि छायाचित्रांची एक प्रत माझ्या खात्यांत व दुसरी घरच्या संगणकावर ठेवली, आणि प्रत खरोखर उघडते कीं नाहीं हें दोन निरोप ऐकून पाहिलें. रीसेट हा उपाय वाईट आहे असें नाहीं. पण तो शेवटचा आहे, आणि प्रत ठेवल्यावांचून तो सांगणाऱ्याला मी आतां सल्लागार म्हणत नाहीं.

मग एक वही घेतली. नियम एकच ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय झालें तें लिहावयाचें. चार सेटिंगें एकदम फिरवलीं आणि दुखणें थांबलें, तर चारांपैकीं कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं, आणि तें दुखणें उलटलें कीं पुन्हां आरंभापासून बसावें लागतें.

पहिला प्रश्न असा कीं, फडफड चित्रांत आहे कीं पडद्यांत? याची एक सोपी परीक्षा आहे. फोनमध्यें पडद्यावरील दृश्य जसेंच्या तसें मुद्रित करून ठेवण्याची सोय असते. मुद्रण फोनच्या आंतच, चित्र पडद्याकडे जाण्यापूर्वीं होतें. तेव्हां मुद्रणांतहि फडफड दिसली तर दोष चित्र रंगविणाऱ्या प्रोग्रॅमचा; मुद्रण स्वच्छ असेल आणि डोळ्यांपुढें मात्र फडफड होत असेल, तर दोष पडद्याचा किंवा त्याला चालविणाऱ्या योजनेचा. माझें मुद्रण स्वच्छ निघालें. अशा वेळीं दुकानदाराला दाखविण्यासाठीं दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानेंच चित्रण घ्यावें लागतें, तें मीं घेऊन ठेवलें.

दुसरी परीक्षा 'सेफ मोड'ची. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बंद करण्याचें बटण दाबून पडद्यावर आलेल्या 'पॉवर ऑफ' या अक्षरांवर बोट दाबून धरलें कीं ही अवस्था मिळते. त्यांत आपण वरून घातलेलीं ॲप्स झोपलेलीं असतात. यंत्र केवळ आपल्या मूळच्या सामग्रीवर चालतें. तेथें दुखणें थांबलें, तर एखादें उपरें ॲप अपराधी समजावें आणि अलीकडे आलेलीं एकेक करून काढावीं. रात्रींचें आपोआप पडदा पिवळा करणारें एक ॲप माझ्या पुतण्यानें घातलें होतें, आणि माझा सारा संशय त्याच्यावर होता. सेफ मोडमध्येंहि फडफड तशीच राहिली. ॲप निर्दोष सुटलें.

तिसरी नोंद आपोआप हातीं लागली. दिवसां उजेडांत फडफड कधींच होत नव्हती. खोली अंधारी, पडद्याचें तेज अगदीं खालीं, आणि बोट थांबवून वाचीत राहिलों कीं ती होई. सरकवलें कीं जाई. येथें थोडें यंत्राच्या पोटांत शिरावें लागेल.

आपल्या आजच्या बहुतेक महाग फोनांत जो पडदा असतो त्यांतील प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. त्याचें तेज कमी करण्याचे दोन मार्ग. एक, वीज कमी देणें. परंतु फार कमी विजेवर सर्व ठिपके सारखे प्रकाशत नाहींत, रंग मळकट होतात. म्हणून दुसरा मार्ग वापरतात: ठिपका पूर्ण तेजानें पेटवावयाचा, लगेच विझवावयाचा, आणि हें इतक्या वेगानें कीं डोळ्याला सरासरी उजेड तेवढा दिसावा. कित्येक फोनांत हें सेकंदाला २४० वेळां चालतें. यांत नवल नाहीं. फिल्मचा सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असे, आणि यंत्रांतली फिरती पाती प्रत्येक चित्र निदान दोनदां झांकून उघडी. आपण त्या उघडझापीकडे पाहूनच हसलों आणि रडलों आहोंत. पाहावयाचें असेल तर अंधाऱ्या खोलींत तेज खालीं आणून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपाट्यानें हलवा. एका अखंड पट्ट्याऐवजीं सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसतील. बहुतेकांना यापासून उपद्रव नाहीं. कांहीं लोकांचें मात्र डोकें दुखतें, आणि तो त्यांचा कांगावा नव्हे. अशांनीं खोलींत लहानसा दिवा ठेवून पडद्याचें तेज वाढवावें, किंवा फडफड कमी करण्याची निराळी सोय फोनमध्यें असल्यास ती सुरू करावी.

परंतु माझी फडफड एवढी वेगवान नव्हती. ती सहज मोजतां येत होती. तिचें मूळ आणखी एका सोयींत निघालें. नवा फोन पडद्यावरील चित्र सेकंदाला १२० वेळां नवें करतो, म्हणून तें रेशमासारखें सरकतें. यांत बॅटरी फार खर्च होते, म्हणून बोट थांबलें कीं तो आपण होऊन ६० वर किंवा त्याहून खालीं येतो. दोन्ही गतींना ठिपक्यांच्या तेजाचीं मापें वेगळीं ठेवावीं लागतात, आणि तीं परस्परांशीं तंतोतंत जुळलेलीं नसलीं तर गति बदलतांना उजेड एक पायरी चढतो किंवा उतरतो. भर उजेडांत ही पायरी कळत नाहीं. काळोखांत ती डोळ्यांवर येते. मीं सेटिंगांत जाऊन गति ६० वर कायम केली, आणि फडफड थांबली. पुन्हां १२० ची सोय दिली, ती परतली. तीनदां हा प्रयोग केला, वहींत लिहिला, आणि खरें सांगावयाचें तर नोकरींत बढती मिळाली तेव्हांहि मला एवढा आनंद झाला नव्हता.

पडद्यावर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली असेल, फोन पडल्यानंतर लुकलुक सुरू झाली असेल, किंवा कडेला दाबल्यानें ती कमीजास्त होत असेल, तर मात्र या वहीचा उपयोग नाहीं. तें कारागिराचें काम. तसेंच चार्जिंग चालूं असतांनाच बोटाचा स्पर्श भलत्या ठिकाणीं लागूं लागला, तर आधीं चार्जर बदलून पाहावा. स्वस्त चार्जरांतून येणारा विजेचा गोंगाट स्पर्श ओळखणाऱ्या जाळीला फसवतो.

आतां बॅटरी. मीं दोन्ही दुखणीं एकाच रोगाचीं समजून चाललों होतों, आणि तेथेंच चुकत होतों.

आधीं आप्पासाहेबांच्या आठ तासांविषयीं. तो उपदेश निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळांतला. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, आणि आज प्रत्येक फोनांत तिचाच वंश आहे. या शोधाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते. या बॅटरीला प्रथमदिनाचा विधि लागत नाहीं, आणि वरचेवर पूर्ण रिकामी करणें तर तिला बाधतेंच. तिला सर्वांत जास्त बाधतें तें ऊन. उशीखालीं ठेवून चार्ज करणें, मोटारींत काचेपाशीं ठेवणें, या संवयी तिचें आयुष्य खातात.

शिवाय पडद्यावरचा तो टक्क्यांचा आकडा म्हणजे गच्चीवरच्या टाकींत काठी बुडवून पाहिलेली पाण्याची पातळी नव्हे. आंत एक दिवाणजी बसलेला आहे. किती वीज आली, किती गेली, याचा तो जमाखर्च लिहितो आणि शिल्लक सांगतो. मधल्या टप्प्यांत बॅटरीचा दाब फारसा बदलत नाहीं, म्हणून त्याला वहीवरच भिस्त ठेवावी लागते, आणि वहींत बारीक चुका सांचत जातात. वीस टक्क्यांवरून आकडा एकाएकीं दोनवर कोसळतो तो कित्येकदां या चुकीमुळें. जुन्या बॅटरींत मात्र आंतला विरोध वाढल्यानें दाब खरोखरच खचतो. नव्या फोनांत एकदां पूर्ण चार्ज करून, तो जवळजवळ संपेतों वापरून पुन्हां भरला कीं दिवाणजीची वही बरीच जुळते.

पण माझी शिल्लक खोटी नव्हती, खर्चच खरा होता. सेटिंगांत बॅटरीच्या सदराखालीं कोणीं किती खाल्लें याची यादी असते. पहिल्या नांवावर छायाचित्रांचें ॲप होतें. पंधरा वर्षांचे फोटो नव्या घरीं आले होते. ते लावणें, त्यांतले चेहरे ओळखणें, प्रती वर पाठविणें, हें काम तो बिचारा रात्रंदिवस करीत होता. बिऱ्हाड बदलल्यावर पहिला आठवडा सामान लावण्यांतच जातो. दुसरें नांव मोबाईल नेटवर्कचें. माझी कचेरी दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर आहे. मनोरा जवळ असला तर फोन कुजबुजून बोलतो. रेंज तुटक असली कीं त्याला ओरडावें लागतें, म्हणजे सुमारें २०० मिलीवॅटच्या आपल्या कमाल शक्तीनें बोलावें लागतें, आणि ५जी सांपडेना म्हणून ४जीवर, तेथून पुन्हां ५जीवर अशा खेपा घालाव्या लागतात. मीं कचेरींत फोन ४जीवर कायम केला आणि कॉल वायफायवरून घेऊं लागलों. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं सहाला एक्केचाळीस टक्के उरले होते.

एक इशारा मात्र गंभीरपणें देतों. बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली किंवा काच कडेनें सुटूं लागली, तर वही, प्रयोग, सेफ मोड सर्व बाजूला ठेवा. चार्जिंग बंद करा, फोन दाबूं नका, टोंचूं नका, केंद्रावर नेऊन द्या. २०१६ मध्यें सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन बॅटऱ्या पेट घेऊं लागल्यामुळें बाजारांतून सर्वस्वीं परत घ्यावा लागला होता.

सहाव्या दिवशीं मी पावती, वही आणि चित्रण घेऊन दुकानांत गेलों. तेथील तरुणानें प्रथम "रीसेट करून बघूं या" म्हणून हात पुढें केला. मीं प्रत ठेवली आहे असें सांगून वही त्याच्यासमोर उघडली. त्यानें दोन पानें वाचलीं, आंत जाऊन कोणाशीं तरी बोलला, आणि फोन बदलून दिला. दिला नसता तर ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर मीं लिहून ठेवलेला होताच.

गंमत पुढेंच आहे. नव्या फोननेंहि त्या रात्रीं अंधारांत तशीच फडफड केली. म्हणजे दोष त्या एका नगाचा नसून साऱ्या जातीचा होता. मीं गति ६० वर ठेवली आणि झोंपलों. दीड महिन्यानें कंपनीकडून अपडेट आलें. आतां १२० वरहि ती क्वचितच दिसते. ताईचे निरोप सर्व उतरले आहेत. शेवटचा अकरा सेकंदांचा आहे: "अरे, दूध उतूं गेलं बघ, मग बोलतें."