सोडलेला निरोप टेलला पोचतो का?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेत 'ई-मेल गटाची व्यवस्था' हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाचे बोलायचे सोडून हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम आपल्यापुढे कशाला, असे वाटले असेल. म्हणून आधी हा विषय भावाशी आणि बियाण्याशी कुठे जोडलेला आहे ते सांगतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केला. १९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेण्यासाठी तो तयार केलेला होता. बियाणे कोणी विकायचे, उगवले नाही तर जबाबदार कोण, असा आपल्या मुळावरचा विषय. त्यावर सूचना पाठवण्याची मुदत ११ डिसेंबरपर्यंत होती आणि सूचना ई-मेलनेही स्वीकारल्या जात होत्या. मसुदा लोकांपुढे किमान ३० दिवस ठेवावा, असे केंद्राचे २०१४ सालचे धोरणच आहे. ते ३० दिवस नेमके कापसाच्या वेचणीत आणि हरभऱ्याच्या पेरणीत गेले.

आता दुसरे ३० दिवस पाहा. जीमेलमध्ये स्पॅमच्या खणात पडलेले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते. मसुदा आल्याचा निरोप सभासदाच्या त्या खणात पडला, तर इकडे सूचनांची मुदत संपते आणि तिकडे निरोपही नाहीसा होतो. पुढे आपण त्याला विचारले की बाबा, तू का लिहिले नाहीस, तर तो म्हणतो, मला निरोपच नव्हता. तो खोटे बोलत नाही. आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, मी सगळ्यांना पाठवला होता. तोही खोटे बोलत नाही.

कालव्याच्या पाण्याचे हेच आहे. खाते हेडला सोडलेले पाणी मोजते आणि पाळी पूर्ण झाली म्हणून कागदावर लिहिते. टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा असतो. हे आम्ही सरकारला वर्षानुवर्षे सुनावत आलो आहोत. तेव्हा आपल्या निरोपाचे मोजमापही हेडला न करता टेलला केले पाहिजे. त्यासाठी गळती कुठे कुठे होते ते समजून घेऊ. अशा जागा चार आहेत.

पहिली जागा : गटाचे दार

गट म्हणजे एक सामाईक पत्ता. त्या पत्त्यावर एक पत्र टाकले की यादीतल्या प्रत्येकाला त्याची प्रत जाते. गूगल ग्रुप्समध्ये असे गट फुकट काढता येतात. पण दाराशी राखण असते. नव्या माणसाचे किंवा संशयास्पद वाटलेले पत्र गटचालकाच्या मंजुरीसाठी अडवून ठेवले जाते. चालक शेतात, लग्नात किंवा दवाखान्यात असला की पत्र तसेच पडून राहते. म्हणून प्रत्येक गटाला किमान दोन चालक हवेत आणि दिवसातून एकदा अडकलेली पत्रे पाहण्याची पाळी ठरलेली हवी.

इथेच आणखी एक घोळ होतो. जीमेलवरून गटाला पत्र पाठवले, तर त्याची गटातून फिरून येणारी प्रत पाठवणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये वेगळी दिसत नाही. त्याला वाटते, पत्र गेलेच नाही. तो तेच पत्र दोनदा, तीनदा पाठवतो आणि वाचणारे वैतागतात. पत्र गेले की नाही हे दुसऱ्या सभासदाला विचारून खात्री करा.

दुसरी जागा : वाटेतली अडवणूक

पत्र गटातून निघाले तरी सभासदाची ई-मेल कंपनी ते स्पॅममध्ये टाकू शकते किंवा साफ नाकारू शकते. याचे मोठे उदाहरण एप्रिल २०१४ मध्ये घडले. याहूने खोट्या पत्त्यांना आळा घालण्यासाठी नियम कडक केला : याहूच्या पत्त्याने आलेले पत्र याहूमार्फत आलेले नसेल तर नाकारावे. उद्देश चांगला होता. पण गटातून फिरून येणारे पत्र गटाच्या यंत्रणेतून येते. त्यामुळे याहूवाल्या सभासदांची पत्रे इतरांच्या कंपन्या नाकारू लागल्या. गटाच्या यंत्रणेला वाटले, या इतर सभासदांचेच पत्ते बंद पडले आहेत, आणि काही गटांत त्यांचाच पुरवठा थांबला. पत्र पाठवले एकाने, टपाल बंद झाले दुसऱ्याचे. पुढे याहूने आपले ग्रुप्सच १५ डिसेंबर २०२० रोजी बंद केले. यातून एवढे घ्या की गटाची यादी फक्त कंपनीच्या भरवशावर ठेवू नये. ती तालुक्याच्या वहीत उतरवलेली असावी.

दुसरी अडवणूक आपले लोकच करतात. न विचारता एखाद्याचा पत्ता गटात घातला, की तो वैतागून 'स्पॅम' हे बटण दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने रोज पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्यांना अट घातली की अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे. म्हणजे हजारात तीनही नकोत. आपले गट एवढे मोठे नाहीत, पण तक्रारी वाढल्या की पाठवणाऱ्याची पत घसरते, हे तत्त्व लहानांनाही लागू आहे. म्हणून माणसाला विचारल्याशिवाय त्याचे नाव घालू नका. ज्याला जायचे आहे त्याला गट सोडण्याची रीत स्वतः दाखवा. आणि ज्याला निरोप हवा आहे त्याने गटाचा पत्ता आपल्या संपर्कांच्या यादीत जतन करावा. पत्र स्पॅममध्ये सापडले तर 'हे स्पॅम नाही' असे तिथेच नोंदवावे.

तिसरी जागा : सभासदाची स्वतःची झडप

गूगल ग्रुप्समध्ये प्रत्येक सभासदाला चार पर्याय असतात : प्रत्येक पत्र वेगळे, २५ पर्यंत पत्रांचा एकत्र गठ्ठा, दिवसाचा सारांश, किंवा एकही पत्र नको. गटात एखाद्या दिवशी वाद रंगतो, पन्नास पत्रे येतात, सभासद कंटाळून 'एकही नको' निवडतो आणि वर्षभर विसरून जातो. यादीत त्याचे नाव असते, आपण त्याला सभासद धरतो, पण त्याची झडप बंद असते.

याचा दोष सभासदावर ढकलून चालणार नाही. सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या ढिगाऱ्यात मुदतीचा निरोप आपणच पुरतो. जिल्ह्याने दोन गट ठेवावेत. एक चर्चेचा, तिथे हवे तेवढे भांडा. दुसरा फक्त सूचनांचा, त्यात चालकांखेरीज कोणी लिहायचे नाही. चर्चेच्या गटाला गठ्ठा निवडा, सूचनांच्या गटाला 'प्रत्येक पत्र' निवडा. सूचनेच्या विषयाच्या ओळीत काम आणि तारीख दोन्ही लिहा. 'महत्त्वाचे' एवढेच लिहिले तर काहीच कळत नाही.

चौथी जागा : भरलेले कोठार

गूगलचे फुकट कोठार १५ जीबीचे असते. पत्रे, फोटो आणि ड्राइव्हवरच्या फायली सगळे त्यातच मोजतात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप २०२४ पासून त्यातच धरला जाऊ लागला. त्यामुळे लग्नाच्या चित्रफितींनी कोठार भरते आणि नवी पत्रे परत जाऊ लागतात. अशी पत्रे परत येत राहिली की गट त्या सभासदाचा पुरवठा थांबवतो. चालकाला सभासदांच्या यादीत तशी खूण दिसते, पण ती पाहिली तर.

कित्येकांचा पत्ता तर फॉर्म भरताना केंद्रवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्या वहीत असतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. असे पत्ते यादीत कितीही असले तरी ते संघटनेचे बळ नव्हे.

कोणी म्हणेल, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर सोपे नाही का? तिथेही टेल आहेच. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्याने आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच मिळतो. बाकीच्यांना मिळत नाही. शिवाय मसुदा, हरकत, पोच ही कागदे वर्षभराने शोधायची तर ई-मेलमध्ये सापडतात. दोन्ही ठेवा, पण दोन्हींची तपासणी करा.

आता करायचे काम

येत्या महिनाभरात प्रत्येक तालुक्याने एक चाचणीचे पत्र पाठवावे. त्यात एकच विनंती असावी : 'मिळाले' एवढे चालकाच्या पत्त्यावर उत्तर द्या. गटावर उत्तर देऊ नका, नाहीतर शंभर जणांच्या 'मिळाले'चा पूर येईल. तिसऱ्या दिवशी वही उघडून ज्यांचे उत्तर नाही त्यांना फोन करावा आणि कुठे अडले ते चार जागांपैकी एकीत नोंदवावे. गावात एखादी कॉलेजची मुलगी असेल तर तिला हे काम द्या, आठवड्यात ती आपल्या सगळ्यांना शिकवेल. ज्यांना ई-मेल नाहीच, त्यांच्या नावापुढे निरोप देणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिहा. त्यांना यादीतून गाळायचे नाही.

यापुढे कुठल्याही मसुद्याची ३० दिवसांची मुदत सुरू झाली की पहिल्या दिवशी सूचना जाईल, तिसऱ्या दिवशी परत आलेली पत्रे पाहिली जातील आणि दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येक गावातून निदान एक हरकत लिहून तयार असेल, अशी शिस्त आपण लावून घेऊ. दिल्लीत आमचे कोणी ऐकत नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण आमचे म्हणणे तिथे वेळेत नोंदले गेले होते, हे दाखवायला हातात पोच असावी लागते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने ती वही घेऊन यावे. यादीत नावे किती हे कोणी विचारणार नाही. 'मिळाले' किती जणांनी लिहिले, तो आकडा इथे वाचून दाखवायचा आहे.