रानांतील रास्ना आणि संकरविद्या

किनवटच्या रानांत झाडाच्या खोडावर पांढुरकीं मुळें पसरून बसलेली रास्ना पाहून पुष्कळ लोक तिला बांडगूळ म्हणतात. हा आळ खोटा आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. रास्ना ही आमरीच्या कुळांतली, ती झाडाचा केवळ आसरा घेते. शास्त्रांत तिला व्हँडा टेसेलाटा म्हणतात, व त्यांतील व्हँडा हा शब्द आपल्या संस्कृत ‘वन्दा’वरूनच गेला आहे.

नांदेड-लातूरचा मुलूख आमरींसाठीं प्रसिद्ध नाहीं. लातूरला तर २०१६ सालीं प्यावयाचें पाणी आगगाडीनें आणावें लागलें! परंतु कोरड्या मुलखांतील रास्ना संकर करणारांच्या नजरेंत भरावी ती याचमुळें. तिचीं पर्णरंध्रें रात्रीं उघडतात आणि उन्हांत मिटून राहतात. शिवाय तिला सुगंध आहे. सिंगापूरच्या ‘मिमी पामर’ या संकराचा सुवास हा रास्नेचाच वारसा होय.

मात्र सर्व रोपें सारखीं नसतात. कोणाच्या पाकळ्या हिरवट-पिवळ्या, कोणाच्या तपकिरी. त्यांवरील चौकडी कोठें गडद, कोठें पुसट. यांतला कोणता फरक बीजांतला आणि कोणता ऊन-सावलीचा? एका दिवशीं पट्टी लावून हें कळत नाहीं. तींच रोपें दोन-तीन हंगाम मोजावीं लागतात. एकाच रोपाच्या फुलांत जेवढा फरक पडतो, त्याहून दोन रोपांतला फरक ठळक असला, तरच पुढें जावें. मग निरनिराळ्या रानांतील रोपांचे शेंडे एकाच छपराखालीं, एकाच पाण्यावर वाढवावे. तेथेंही जें वेगळेपण टिकेल, तें संकराच्या उपयोगाचें.

काम सावकाशीचें आहे. आमरीचें बीं धुळीसारखें असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत तें बुरशीच्या साहाय्यानेंच रुजतें. १९२२ सालीं अमेरिकेंतील नड्सन यांनीं साखर व क्षार मिसळलेल्या अगरवर तें बुरशीवांचून रुजवून दाखविलें, तेव्हां ही अडचण दूर झाली. तरी फूल येण्यास कांहीं वर्षें लागतातच.

उतावीळपणाचा दाखला जुना आहे. १८५० सालीं हूकरसाहेबांनीं खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाचीं सात माणसांच्या ओझ्याइतकीं रोपें विलायतेसाठीं गोळा केलीं. त्यांतलीं फारच थोडीं जिवंत पोंचलीं. रास्नेचीं मुळें तर औषधासाठींही उपटलीं जातात. वास्तविक संकरासाठीं रोप उपटण्याची गरजच नसते. आमरीचे परागकण सुटे नसून त्यांच्या इवल्याशा गोळ्या असतात. त्या काडीच्या टोंकानें उचलून डबींत घालून आणतां येतात, आणि रोप आपल्या झाडावरच राहतें.